‘अठ्ठ्याऐंशी’चा डाव : १९३७ चे मुंबई कायदेमंडळ पत्त्यांवर खेळून पाहताना

राजकारणाविषयी बोलताना आपण मराठी माणसे पत्त्यांची भाषा सर्रास वापरतो. कोणाच्या हाती हुकमाचे पान असते, कोणी हातचे राखून खेळतो, कोणाचा भिडू ऐनवेळी फुटतो. एवढी भाषा तयार असताना प्रत्यक्ष विधिमंडळाच्या राजकारणाचा पत्त्यांचा डाव मात्र आमच्या पाहण्यात नव्हता. तेव्हा राज्यशास्त्राच्या प्रकल्पाच्या निमित्ताने आम्ही काही विद्यार्थ्यांनी तो स्वतःच मांडला आणि त्याला ‘अठ्ठ्याऐंशी’ असे नाव दिले. नावाचा उलगडा पुढे होईलच.

प्रस्तुत लेख खेळ कसा तयार केला हे सांगण्यासाठी नाही. तयार करण्याचे काम दोन रविवारांत उरकले. तो पुनःपुन्हा खेळून पाहण्यात, अडेल तेथे नियम बदलण्यात आणि बदललेला नियम इतिहासाला धरून आहे की नाही यावर भांडण्यात मात्र पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस गेले. जे काही शिकायला मिळाले ते या भांडणांतच.

विषय निवडला तो १९३७ सालचा. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वायत्तता मिळाली आणि १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. त्या वेळचा मुंबई प्रांत म्हणजे गुजरात, महाराष्ट्र, कोकण आणि धारवाड-विजापूरकडचा कन्नड मुलूख. सिंध आदल्याच वर्षी वेगळा झाला होता. विधानसभेच्या जागा १७५. त्यांपैकी ११४ सर्वसाधारण, आणि त्यांतल्याच १५ अनुसूचित जातींसाठी व ७ मराठा समाजासाठी राखीव. उरलेल्या जागा मुसलमान, युरोपियन, ख्रिस्ती, व्यापारी, जमीनदार, कामगार, विद्यापीठ, स्त्रिया अशा वाटून दिलेल्या. निकाल लागला तेव्हा काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले होते, त्यांतले १४ निवडून आले. बाकीचे ७५ म्हणजे मुस्लिम लीग, अपक्ष, ब्राह्मणेतर आणि इतर लहानमोठे गट. १७५ च्या सभागृहात बहुमताला ८८ लागतात. म्हणजे काँग्रेसला अवघे दोन कमी होते. खेळाचे नाव आले ते येथून.

पण खरी गंमत पुढे आहे. दोनच कमी असलेल्या या पक्षाने मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला. गव्हर्नरने आपले विशेषाधिकार मंत्र्यांच्या कामात आड आणणार नाही असे वचन द्यावे, मगच अधिकार स्वीकारू, अशी काँग्रेसची अट होती. वचन मिळाले नाही. १ एप्रिल १९३७ रोजी नवी राज्यव्यवस्था सुरू झाली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांच्या निमंत्रणावरून धनजीशा कूपर यांनी हंगामी मंत्रिमंडळ बनवले. जमनादास मेहता हे त्यातले एक मंत्री. अशा रीतीने कूपर हे मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान ठरले. (प्रांताच्या मुख्य मंत्र्याला त्या काळी पंतप्रधानच म्हणत. हे दर डावाच्या आधी नव्या भिडूंना सांगावे लागे, नाहीतर कोणीतरी नेहरूंचे पान शोधत बसे.) जुलैत काँग्रेसने आपला निर्णय बदलला आणि १९ जुलै रोजी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. कूपरांची कारकीर्द साडेतीन महिन्यांची.

हे कूपर आपल्याच भागातले. साताऱ्याची नगरपालिका आणि जिल्हा लोकल बोर्ड यांच्या राजकारणात मुरलेले, ब्राह्मणेतर पक्षाचा पाठिंबा असलेले पारशी गृहस्थ. आपल्या तालुक्यातल्या सातारारोडचा नांगरांचा आणि पुढे इंजिनांचा कारखाना त्यांचाच. कर्मवीर भाऊराव पाटील हेही काही काळ त्या कारखान्याशी निगडित होते. असे असून मुंबई प्रांताचा पहिला पंतप्रधान सातारचा होता ही गोष्ट आमच्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनाच ठाऊक होती. ज्यांना ठाऊक होती त्यांनी ती ऐकली होती ‘लाटसाहेबाचे बाहुले’ या एका शब्दात. तो शब्द खरा किती आणि सोयीचा किती, हे पाहण्याची इच्छा हेही हा विषय निवडण्याचे एक कारण होते.

आता खेळाचे साहित्य. पाने जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची, एका मापात कापलेली. सभासद म्हणजे १७५ चिंचोके. जनमत म्हणजे कवड्या. काँग्रेसच्या भिडूपुढे ८६ चिंचोके, मजूर पक्षाच्या भिडूपुढे १४ आणि मधल्या ताटलीत ७५. या ७५ पैकी काहींना रंग लावलेला. ते ठराविक पानाशिवाय हलत नाहीत, कारण लीगचा किंवा युरोपियन गटाचा सभासद कोणाच्याही हाकेला ओ देईल असे मानणे बरोबर नव्हते. कूपरांच्या भिडूपुढे आरंभी काहीच नाही. त्याने ताटलीतून गोळा करायचे. गव्हर्नर हा भिडू नाही. त्याची पाने वेगळी रचून ठेवलेली असतात आणि दर फेरीला एक उलटायचे. फेऱ्या दहा. एक फेरी म्हणजे अंदाजे तीन महिने. एप्रिल १९३७ ला सुरुवात आणि खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला त्या नोव्हेंबर १९३९ ला शेवट.

प्रत्येक पानावर कोपऱ्यात एक आकडा आणि खाली एक प्रसंग. पान टाकताना आकडा वापरायचा की प्रसंग, हे भिडूने ठरवायचे. दोन्ही मिळत नाहीत. ही युक्ती आमची नव्हे. १९९३ साली अमेरिकेत मार्क हर्मन यांनी त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धावरच्या खेळात पत्त्यांवर डाव चालवण्याची पद्धत आणली आणि मग अशा खेळांची एक शाखाच निघाली; ही युक्ती त्या शाखेतली. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने, दहा रंग, आणि प्रत्येक रंगात एक राजा व एक प्रधान असतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तिकडच्या लोकांनी पत्त्यांतले राजे काढून त्या जागी स्वातंत्र्य, समता असली पाने घातली होती म्हणतात ते खरेच आहे. आम्हाला काढायला राजा नव्हता. आमच्या डावात वरचढ कोण हे चिंचोके मोजून ठरते, आणि दर फेरीला ते पुन्हा मोजावे लागतात. असो.

चाचणीचा पहिला नियम मुद्दाम सरळ ठेवला. ज्याच्याकडे मंत्रिमंडळ, त्याला दर फेरीला तीन कवड्या. शेवटी ज्याच्याकडे कवड्या जास्त तो जिंकला. या नियमाने झालेल्या प्रत्येक डावात एकच गोष्ट घडली. काँग्रेसच्या भिडूने पहिल्याच पानाचा आकडा वापरून ताटलीतले दोन चिंचोके ओढले, ८८ झाले, खुर्ची घेतली आणि पुढचे तासभर बाकीचे जांभया देत बसले. वसतिगृहातल्या एका मित्राला आम्ही खरा इतिहास सांगितला तेव्हा तो म्हणाला, “आरं, सत्ता दाराशी आलीया आन् नगं कशाला म्हणायचं? येडं हाय का काय?”

हा प्रश्न साधा वाटतो. पण अभ्यासक्रमाच्या पुस्तकात ‘काँग्रेसने प्रथम अधिकारस्वीकारास नकार दिला’ हे वाक्य आम्ही कितीदा वाचले असेल, तो कोणाला पडला नव्हता. खेळात पडला, कारण तेथे नकार देणाराला नुकसान डोळ्यांनी दिसत होते. खेळाचा उपयोग असेल तर तो एवढाच, असे माझे मत आहे. पुस्तकात घडून गेलेली गोष्ट आपोआप शहाणपणाची वाटू लागते. पत्ते हातात आले की ती गोष्ट करायला कोणी तयार होत नाही, आणि मग ती करणाऱ्यांनी ती का केली याचा शोध घ्यावा लागतो.

शोध घेतला तो असा. १९३७ ला मत देण्याचा हक्क सर्वांना नव्हता. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार सुमारे ३ कोटी. मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींत न बसणारी बहुसंख्य जनता यादीबाहेर होती. काँग्रेसचे सामर्थ्य जितके सभागृहात होते त्याहून अधिक या बाहेरच्या लोकांत होते, आणि गव्हर्नरच्या मर्जीने चालणारे मंत्री झालो तर तेच आधी गमावू ही भीती होती. म्हणून दुसरा नियम आला. वचनाशिवाय खुर्ची घेतली तर गव्हर्नरचे ‘विशेषाधिकार’ पान उलटेल तेव्हा काँग्रेसच्या दोन कवड्या जातात. उलट नकार देऊन बाहेर राहिले तर दर फेरीला एक कवडी मिळते.

हा नियम ऐकून आमच्या विभागातल्या सरांनी नेमका आक्षेप घेतला. ते म्हणाले, “नकाराला तुम्हीच बक्षीस ठेवलेत, म्हणून भिडू नकार देतो. यात सिद्ध काय झाले?” आक्षेप योग्य होता आणि त्यावर दोन दुपारी गेल्या. शेवटी आम्ही बक्षीस बदलून बदलून डाव खेळलो. बक्षीस शून्य असेल तर नकार कोणीच देत नाही. दोन कवड्या असतील तर काँग्रेसचा भिडू दहा फेऱ्या बाहेरच बसतो, कारण बाहेर बसणेच किफायतीचे. एक कवडी ठेवली तर तो एखाददुसरी फेरी थांबतो आणि मग गव्हर्नरचे जरा मवाळ पान निघाले की आत येतो. प्रत्यक्षातही असेच काहीसे झाले. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी समजुतीचे निवेदन काढले. मागितले होते तसे वचन त्यात नव्हते. तरी जुलैत वर्ध्याच्या बैठकीत कार्यकारिणीने अधिकारस्वीकाराला संमती दिली. यावरून काही सिद्ध झाले असा आमचा दावा नाही. परंतु तो नकार शहाणपणाचा ठरायला सभागृहाबाहेरच्या माणसाची किंमत नेमकी किती धरावी लागते, ती फार कमीही चालत नाही आणि फार जास्तही चालत नाही, एवढे आम्हाला कवड्यांत मोजता आले. सरांचे समाधान झाले असे म्हणवत नाही. ते नंतरच्या डावाला बसले मात्र.

काँग्रेस थांबू लागली तेव्हा पहिल्यांदा कूपरांच्या भिडूला खुर्ची मिळाली, आणि लगेच दुसरी अडचण उभी राहिली. त्याने खुर्ची घेतली रे घेतली की समोरचा ‘अविश्वास’ पान टाकी आणि मंत्रिमंडळ त्याच फेरीत कोसळे. असे दोनतीनदा झाल्यावर ती खुर्ची घ्यायला कोणी तयार होईना. मग खरे कूपर साडेतीन महिने टिकले कसे? उत्तर सोपे आहे, पण खेळात अडेपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते. त्या काळात विधानसभेची बैठकच बोलावली गेली नाही. सभागृह भरले नाही, म्हणून अविश्वास मांडायला जागा नाही. जुलैत बैठक भरली तेव्हा खेर पंतप्रधान झालेले होते. तेव्हा आम्ही गव्हर्नरच्या पानांत ‘अधिवेशन’ नावाचे पान घातले. ते उलटेपर्यंत टेबलाच्या मधोमध ‘सभागृह बंद’ अशी पाटी असते आणि तोवर अविश्वासाचे पान हातातच ठेवावे लागते.

या नियमाने खेळलेले डाव मला सर्वांत शिकवून गेले. कूपरांचे पान आले होते सातारारोडच्याच एका मैत्रिणीकडे. ती खेळते चांगली; मेंढीकोटात तिच्याशी कोणी पैज लावत नाही. सभागृह बंद, खुर्ची हातात, कोणी हटवू शकत नाही, म्हणजे ती आता ताटलीतले चिंचोके गोळा करून ८८ चा पूल बांधणार असे आम्हाला वाटले. तिने प्रयत्नही केला. रस्त्याचे पान टाकले, लोकल बोर्डाच्या अनुदानाचे पान टाकले, मजूर पक्षाच्या भिडूला कामगारांच्या प्रश्नावर सौदा देऊ केला. तो हसून ‘पुढच्या फेरीत बघू’ म्हणाला. पुढच्या फेरीतही तेच. डाव संपल्यावर ती म्हणाली, “मी दोन दिवसांची पाहुणी आहे हे सगळ्यांना दिसतंय. काँग्रेस कधीही हो म्हणू शकते. मग माझ्याशी सौदा कोण करील? मी दिलेला शब्द पाळायला मी असायला तर हवी!”

बाहुले या शब्दाहून हे म्हणणे मला अधिक पटते. बाहुल्याला इच्छाच नसते. येथे इच्छा होती, हातात अधिकार होते, अनुभव होता. सहा प्रांतांत अशी हंगामी मंत्रिमंडळे बसली होती. संयुक्त प्रांतात छतारीचे नवाब, बिहारमध्ये महंमद युनूस, मद्रासला के. व्ही. रेड्डी, ओरिसात पार्लाकिमिडीचे महाराज, मध्य प्रांतात राघवेंद्र राव आणि मुंबईत कूपर. माणसे निरनिराळी, प्रांत निरनिराळे, शेवट एकच. तेव्हा दोष माणसाच्या कर्तबगारीत शोधण्यापेक्षा त्या खुर्चीच्या मुदतीत शोधावा हे बरे. ज्याची सत्ता कधी संपेल हे समोरच्याला ठाऊक आहे, त्याच्या देण्याला भाव नसतो. ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत हे आपण पाहतो, पण १९३७ ला लावून पाहत नाही. अर्थात गव्हर्नरच्या सोयीसाठी खुर्ची उबवण्याचे काम पत्करावे की नाही हा प्रश्न उरतोच, आणि तो काँग्रेसच्या लोकांनी त्या वेळी जोरात विचारलाही. कूपरांच्या पानावर काय लिहायचे यावर आमच्यात मतदान झाले. ‘गव्हर्नरचे बाहुले’ पडले, ‘हंगामी पंतप्रधान’ निवडून आले. बहुमत एका मताचे होते आणि ते मत माझे होते हे नमूद करतो.

सभापतीच्या निवडीने एक छोटी मजा केली. खेरांच्या काळात ग. वा. मावळंकर हे विधानसभेचे सभापती झाले. ते काँग्रेसचे. सभापती समसमान मते पडल्याखेरीज मत देत नाही. म्हणजे आपला माणूस त्या खुर्चीवर बसवला की काँग्रेसचे ८६ चे ८५ होतात. पहिल्याच डावात हे एका भिडूच्या लक्षात आले आणि त्याने सभापतिपद मजूर पक्षाला नम्रपणे देऊ केले. मजूर पक्षाच्या भिडूने तितक्याच नम्रपणे नाकारले. मान मोठा, पण चिंचोका जातो. या एका पदावर आमच्याकडे जितका वेळ गेला तितका खऱ्या सभागृहात गेला नसेल.

मजूर पक्षाचे १४ चिंचोके हा मात्र हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हता. काँग्रेसला हवे होते दोन. दोन देणारा अपक्ष गट आणि चौदा देणारा पक्ष यांची किंमत तिच्या लेखी सारखीच, आणि अपक्ष स्वस्तात मिळतात. एकदा काँग्रेसने ते दोन मिळवले की चौदांचे वजन शून्य. त्यामुळे पाचव्या फेरीनंतर मजूर पक्षाचा भिडू खिडकीबाहेर पाहू लागे. सभागृहातल्या संख्येचा हिशेब असा क्रूर आहे, आणि तोच जर खेळाचा एकमेव हिशेब असेल तर डॉ. आंबेडकरांनी त्या सभागृहात केलेले काम आमच्या टेबलावर दिसणारच नव्हते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. त्याच वर्षी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरचा संप झाला. खोतीचे विधेयक संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा आला तो १९४९ साली.

तर मग नामंजूर विधेयकाला कवड्या द्यायच्या की नाही? एका बाजूचे म्हणणे, संसदीय खेळात निकाल मतांचा. हरलेल्याला गुण दिले तर खेळ कसला? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, विधेयक मांडण्याने प्रश्न कामकाजाच्या पानावर चढतो आणि तेथून तो सहजासहजी पुसता येत नाही. आमच्यातली एक मुलगी मूळची रत्नागिरीकडची. तिच्या पणजोबांच्या घरी खोताला काय काय द्यावे लागे हे तिने घरी ऐकले होते. ते तिने सांगितले. त्यानंतर पहिल्या बाजूचा आवाज कमी झाला, जरी मुद्दा खोटा ठरला नव्हता. आता नियम असा आहे की नामंजूर विधेयकाचे पान टेबलावर उलटे न करता तसेच ठेवायचे. त्या फेरीत त्याचे काही मिळत नाही. डाव संपल्यावर तशा प्रत्येक पानाच्या दोन कवड्या मजूर पक्षाला. त्याला आम्ही ‘उशिराचे गुण’ म्हणतो. मजूर पक्ष अजून एकही डाव जिंकलेला नाही, पण त्याचा भिडू आता खिडकीबाहेर पाहत नाही.

एके दिवशी तालुक्यातल्या एका गावचे माजी सरपंच सहज महाविद्यालयात आले होते, त्यांना बसवले. पाने हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न केला, “सहलीचं पान कुठाय?” अविश्वास ठराव यायचा असला की सभासदांना उचलून आठवडाभर देवदर्शनाला नेतात, ते पान. आम्ही हसलो, पण त्यांचे म्हणणे विचारात घ्यावे लागले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा. १९३७ ला सभासद फुटला तर त्याचे सभासदत्व जात नव्हते, तेव्हा फोडाफोडीला कायद्याची आडकाठी नव्हती. तरी सहलीचे पान आम्ही घेतले नाही. खेळ रंगतो म्हणून आजचे पान त्या काळात घालणे बरोबर नाही, आणि त्या काळच्या सहलीचा दाखला आमच्यापाशी नव्हता. सरपंचांना हे पटले नाही. “दाखला ठेवून कोन सहलीला जातंय?” असे म्हणून त्यांनी डाव जिंकला.

शेवटचा मोठा बदल काँग्रेसच्या भिडूत झाला. काँग्रेसच्या हातात ‘नरीमन’ नावाचे पान होते. मुंबईत पक्षाचे नेतृत्व आपल्याकडे येईल अशी वीर नरीमन यांची अपेक्षा होती. निवड झाली खेरांची, आणि त्यावरून वल्लभभाई पटेलांवर आरोप होऊन गांधीजींपर्यंत चौकशी गेली. हे पान एकट्या भिडूच्या हाती आले की तो ते शांतपणे तळाशी सारी, कारण स्वतःशी कोण भांडणार? पक्ष म्हणजे एक मन असे आमच्या खेळाने गृहीत धरले होते आणि तेथे इतिहास गळून पडत होता. म्हणून काँग्रेसला दोन भिडू दिले : एक ‘श्रेष्ठी’, एक ‘प्रांतिक’. शेजारी बसायचे, पाने एकमेकांना दाखवायची नाहीत. श्रेष्ठींना कवड्यांची काळजी, प्रांतिकाला खुर्चीची. नकार द्यायचा तर दोघांचे पान लागते.

एवढ्याने डाव पार बदलला. प्रांतिकाच्या हाती उमेदवारीची पाने गेली, आणि त्यांत आमच्या जिल्ह्याचे एक पान आहे. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भागही मोडत होता. १९३७ ला शेतकऱ्यांतला उमेदवार म्हणून आत्माराम पाटील यांना काँग्रेसची उमेदवारी मिळावी यासाठी तरुण यशवंतराव चव्हाण आणि त्यांच्या सोबत्यांनी खटपट केली, प्रचार केला आणि ते निवडून आले. ब्राह्मणेतर पक्षाच्या मागे असलेला खेड्यातला शेतकरी काँग्रेसकडे वळत होता, त्याचे हे पान. ते निघाले की ताटलीतले तीन चिंचोके आपोआप सरकतात, आणि सर्वांत अधिक फटका बसतो तो कूपरांना. आमच्या मैत्रिणीने या पानाला ‘घरचा आहेर’ असे नाव ठेवले आहे.

दोन काँग्रेसवाले एकमेकांवर रुसू लागले, तेव्हा खेळाला दोन तास लागू लागले आणि कोणी जांभया देईना. ‘जप्त जमिनी परत’ आणि ‘मुंबईत दारूबंदी, १९३९’ ही पाने टाकताना आता अर्थमंत्री लठ्ठे यांचा खजिना किती उरला याचाही हिशेब होतो. तो भाग अजून कच्चा आहे, त्यावर वाणिज्यच्या मित्रांनी लक्ष घालावे.

शेवटची फेरी मात्र सुटलेली नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने येथल्या प्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले, आणि नोव्हेंबरच्या आरंभी खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यानंतर १९४६ पर्यंत प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती होता. खेळात दहाव्या फेरीला ‘युद्ध’ हे पान निघते आणि काँग्रेसने खुर्ची सोडायची असते. नेमके तेव्हाच प्रांतिक भिडू जिंकत आलेला असतो. “हातातली सत्ता मी का सोडू?” असे तो विचारतो आणि श्रेष्ठींकडे रागाने पाहतो. एका गटाचे म्हणणे, राजीनामा सक्तीचा ठेवावा, कारण तसे घडले. दुसऱ्याचे म्हणणे, दोघांनाही आपापले पान पालथे टाकू द्यावे आणि काय होते ते पाहावे. मागच्या डावात आम्ही दुसरे करून पाहिले. श्रेष्ठींनी ‘सोडा’ टाकले, प्रांतिकाने ‘थांबा’. नियमाप्रमाणे दोन पाने जुळली नाहीत की गव्हर्नरचे पान उलटते. ते उलटले, तर निघाले ‘अधिवेशन’. चिंचोके मोजले. काँग्रेसकडे सत्त्याऐंशी होते, आणि सभापतिपद अजून रिकामेच होते.